लोण्याच्या डब्यातले हवामान

शेडचा दरवाजा मी नेहमी वीतभरच सरकवतो आणि थांबतो. सकाळचा उजेड त्या फटीतून आत येतो. त्याला कसलीच घाई नसते. आधी तो उंबऱ्याजवळच्या सिमेंटवर उभा राहतो, वाऱ्याने आत आणून टाकलेल्या मक्याच्या सालपटांशी एकेक करून ओळख करून घेतो, मग जुन्या तेलाच्या डागांवरून सरकत विमानाच्या पुढच्या चाकाशी पोचतो. चाकात हवा कमी असते. ती रोजच कमी असते, आणि हे ठाऊक असल्यासारखा उजेड तिथे जरा रेंगाळतो. मग तो वर चढू लागतो. पंख्याच्या पात्यावर, जिथे रंग उडून धातू उघडा पडला आहे. दाराच्या बिजागरीवर, जिथे कोळ्याने कालचे मोडलेले घर पुन्हा बांधून काढले आहे. आणि शेवटी पंखाच्या खालच्या अंगावर, जिथे पोचल्यावर मात्र तो ऐसपैस पसरतो आणि पांढऱ्या रंगाला साय धरल्यासारखा पिवळसर करून टाकतो. धुळीचे कण त्यातून वर जातात, खाली येतात, कुठेच पोचत नाहीत. बाहेर कुंपणाच्या तारेवर एक पक्षी कालचाच प्रश्न पुन्हा विचारतो. या उजेडात विशेष असे काही नाही. नेब्रास्कातल्या आमच्या डोब्री गावात प्रत्येक धान्यकोठीवर आणि गुरांच्या प्रत्येक हौदावर तो असाच पडतो. तरी त्या वसंतात दर शनिवारी मी तो शेवटच्या कवडशापर्यंत पाहत असे, कारण तो पाहून झाला की मला फोन करायचा असे.

फोन क्रेन स्प्रिंग्जला. आमच्या पश्चिमेला, लूप नदीच्या पलीकडे, जिथे मक्याची शेते संपतात आणि वाळूवर गवत धरून बसलेल्या टेकड्या सुरू होतात, तिथे या नावाचे गाव आहे आणि गावाला एक धावपट्टी आहे. हवामान सांगणारे यंत्र मात्र तिथे नाही. काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, ते दरवर्षी बसवायचे ठरवते आणि दरवर्षी रस्त्यांचे खड्डे आधी नंबर लावतात. तेव्हा तिकडे विमान न्यायचे तर कार्यालयात फोन करावा आणि जो उचलेल त्याला आभाळ विचारावे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. फोन उचलत असे शेल्बी. ती तिथे इंधन विके, कॉफी करी, धावपट्टीवरचे गवत कापी, आणि विचारणाऱ्याला आभाळ सांगे.

"क्रेन स्प्रिंग्ज."

"मी डोब्रीहून कोल्बी झाब्का. हवा कशी आहे तुमच्याकडे?"

"थांबा हं, बघते."

मग काही वेळ नुसती शांतता. एखादे दार करकरल्यासारखा आवाज, लांबवर कुत्रा, आणि अखेरीला थोडी खरखर. तिची खिडकी मी मनात केव्हाच बांधून घेतली होती. रुंद, पश्चिमेला तोंड करून असलेली; तिच्यात लाल फुलांची एक कुंडी; खुर्ची नुसती वळवली की सगळे आभाळ समोर.

"पंपावरचा झेंडा झोपलाय," ती सांगू लागे. "गाई चरतायत, म्हणजे त्यांना कसली काळजी नाही. टेकडीमागं एक ढग आहे, पण त्याच्यात काही दम दिसत नाही. येताय?"

"बघतो."

"मागच्या शनिवारीही बघतच होता तुम्ही."

मी फोन ठेवी. पंखाखाली उभा राहून झोपलेल्या त्या झेंड्याचा विचार करी. मग आमच्याकडे वारा जरा आडवा आहे असे ठरवी आणि दरवाजा ओढून घेई. मी शेताला पाणी घालणाऱ्या मोठ्या फिरत्या नळ्यांच्या विजेच्या पेट्या दुरुस्त करतो. दिवसभर माणसांपेक्षा तारांशी बोलणे जास्त. शनिवारचे ते बोलणे मला आठवडाभर पुरत असे. त्यापेक्षा अधिक मागायला मी गेलो, तर असलेलेही जाईल, अशी माझी समजूत होती.

विमान माझे एकट्याचे नव्हे. अर्धे माझे, वडील अ‍ॅरिझोनाला कायमचे गेले तेव्हा त्यांचा वाटा मला देऊन गेले. उरलेले अर्धे लवर्न कुबिक यांचे. लवर्ननी उभी हयात खेड्यापाड्यांत टपाल वाटले आणि निवृत्त झाल्यावर, जमिनीवरचे सगळे कुत्रे ओळखीचे झाले म्हणून, ते आकाशात गेले. विमान जुने, दोन आसनांचे. त्यात दोघे बसले की कुणी तरी एकाने श्वास सोडावा आणि मग दुसऱ्याने घ्यावा.

उडता उडता हवामान दिसावे, ही लवर्नची जुनी हौस. उपग्रहावरून ते विकणाऱ्या एका कंपनीचे माहितीपत्रक त्यांनी एकदा शेडमध्ये आणले, दर वाचला आणि पत्रक चाकाखाली उटी म्हणून लावले.

"दर महिन्याला एवढं? तेवढ्यात मी स्वतःचा ढग पाळीन!"

"फुकटही मिळतं, लवर्न," मी म्हणालो. "सरकारी मनोरे आहेत. पाऊस, वारा, सगळं चोवीस तास हवेत सोडत असतात. पकडायला काहीतरी हवं, इतकंच."

"मग तू काय बघत बसलायस, लेका? पकड की."

दुकानातले पकडणारे यंत्रही आमच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून मी पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक आणला, त्याला बोटाएवढे रेडिओ जोडले, अँटेनाच्या दोन आखूड शेंड्या बसवल्या. सगळे मावेल असे खोके शोधत होतो तेव्हा लवर्नची पत्नी ओपल हिने लोण्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा धुऊन दिला. झाकणावर 'खारवलेले' असे लिहिलेले तसेच राहिले. डब्याने हवेतून पकडलेले चित्र मांडीवरच्या टॅबवर उमटणार होते.

चाचणीच्या दिवशी लवर्न इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी डबा चालू केला. टॅबवर नेब्रास्काचा नकाशा आला, आणि त्यावर काहीही आले नाही.

"कोरंच आहे की रे."

"जमिनीवर मनोऱ्याचा संदेश पोचत नाही. मध्ये टेकाडं येतात. थोडं वर गेलं की दिसेल."

"म्हणजे वर जाणं बरं आहे की नाही, हे बघायला आधी वर जायचं?"

मी जरा विचार केला. "हो."

लवर्नचा चेहरा उजळला. "टपालखात्यात अगदी अशीच कामं असायची," ते म्हणाले आणि इंजिन सुरू केले.

वर गेल्यावर डब्याने शब्द पाळला. नकाशावर एकामागून एक रंग उगवले. आमच्याभोवती सगळे स्वच्छ. फक्त दक्षिणेला, राज्याच्या हद्दीपलीकडे, हिरवे डाग.

"तो काय, पाऊस?"

"हो. कॅन्ससवर पडतोय."

"पडू दे, पडू दे," लवर्न उदारपणे म्हणाले. त्यांनी तो पाऊस बराच वेळ पाहिला. आपल्यावर न पडणारा पाऊस फुकटात पाहायला मिळणे, हे सुख त्यांना वयाच्या एवढ्या उशिरा लाभत होते. उतरल्यावर त्यांनी डब्याच्या झाकणावर थाप मारली.

"झालं तर मग. आता त्या क्रेन स्प्रिंग्जच्या पोरीला दर शनिवारी त्रास द्यायला नको."

मी शेंड्या काढत होतो. त्यातली एक हातातून पडली. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. रात्रंदिवस डाग देत, तारा सोलत, मी अगदी सुबकपणे माझ्याच शनिवारांच्या मुळाशी कुऱ्हाड बसवली होती.

"तसं नाही," मी म्हणालो. "टेकड्यांमागचं रडारला नीट दिसत नाही. माणसाला विचारलेलं बरं."

"माणसाला, का त्याच माणसाला?"

मी शेंडी शोधायला वाकलो. ती माझ्या पायाशीच होती, तरी बराच वेळ सापडली नाही.

पुढच्या शनिवारी मी फोन केला, आणि तिच्याशी खोटे बोलता येत नसल्यामुळे डब्याचे सांगून टाकले.

"म्हणजे आता आमची सुट्टी," शेल्बी म्हणाली.

"नाही, नाही. डबा नुसतं चित्र दाखवतो. झेंडा झोपलाय की नाही, ते नाही सांगत."

ती हसली. मग म्हणाली, "हे बघा, कोल्बी झाब्का. पुढच्या शनिवारी आमच्या अग्निशामक दलाचा नाश्ता आहे. लांबलांबून विमानं येतात. पॅनकेक करपलेले असतात, आधीच सांगते. तुम्ही या. हिवाळ्यापासून हवा विचारताय आणि एकदाही आला नाहीत. मला तर वाटायला लागलंय, तुम्ही माणूस नाहीच, काउंटीनं शेवटी आणलेलं ते यंत्र आहात."

"हवा बरी असली तर—"

"हवा बरी असेल. आणि नाही आलात, तर त्याच्या पुढच्या शनिवारी मी फोन वाजू देईन. वाजून वाजून थकेल बिचारा."

तो आठवडा मी पाणी घालणाऱ्या नळ्यांच्या सावलीत काढला. क्षितिजावर रोज संध्याकाळी ढग जमत आणि रोज, मला हवे असताना, निघून जात.

शनिवार उजाडला तो धुतलेल्या काचेसारखा. लवर्न ओपलच्या कोलाचांची कागदी पिशवी घेऊन आले. मध्ये खळगा करून फळांचा गर भरलेले ते मऊ पाव आमच्या चेक वंशाच्या घरांत जन्माला, मरणाला आणि मधल्या प्रत्येक शनिवारी लागतात.

"नाश्त्याला जाताना नाश्ता कशाला?" मी विचारले.

"अग्निशामक दल स्वयंपाक करतंय, पोरा. त्यांचा विस्तवाशी काय तो संबंध वाईटच. खाऊन घे."

विमान लवर्न चालवणार होते. डबा आणि टॅब माझ्याकडे. धावपट्टीच्या टोकाशी इंजिन तापत होते आणि माझे हात मात्र गार पडले होते, म्हणून त्यांना काम दिले: जर्दाळूचे एक कोलाच खाल्ले, मग आणखी एक. जमीन सुटली. खालचे चौकोन लहान झाले. मी बोटांनी नकाशा मोठा केला आणि टॅब मांडीवर टेकवला.

बरोबर समोर, क्रेन स्प्रिंग्जच्या वाटेवर, पिवळा ठिपका होता.

"लवर्न, पाऊस आहे."

"कुठं?"

"समोर. पिवळा. म्हणजे चांगलाच जोरात."

लवर्ननी काचेतून पाहिले. पुढे इतके निरभ्र होते की नजर कुठे टेकवावी हेच कळेना. "मला तर इथनं उद्याचा दिवससुद्धा दिसतोय," ते म्हणाले. "पण डबा तुझा. तू म्हणशील तसं."

"उजवीकडनं वळसा घेऊ."

वळलो. नकाशा मी असा लावला होता की विमान ज्या दिशेला तोंड करील ती दिशा टॅबवर वर यावी. गावे फिरली, रस्ते फिरले, नदीची रेघ फिरली. ठिपका समोरच.

"गेला?"

"नाही. अजून समोरच आहे."

"म्हणजे मेला आपल्या मागं लागलाय."

"पुढं लागलाय," मी म्हणालो.

"माझ्या टपालाच्या रस्त्यावर एक कुत्रा होता, अगदी असाच. थांब, याला फसवू." लवर्ननी मोठ्याने, जणू ठिपक्याला ऐकू जावे म्हणून, "उजवीकडं हं, उजवीकडं!" असे म्हटले आणि झटकन विमान डावीकडे टाकले. माझे डोके खिडकीवर आपटले. खाली एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवून वर पाहिले. ठिपका समोरच होता.

असे आम्ही त्या निष्पाप आकाशात बराच वेळ नागमोडी फिरलो. लूप नदी जवळ येत चालली. तिच्या वाळूच्या बेटांवर ऊन पडले होते. मी एकदा बोट टॅबच्या काचेवर नेले, ठिपक्याच्या कडेशी टेकवले आणि मागे घेतले.

"परत फिरू या, लवर्न."

"परत?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा पडला. "आणि पॅनकेक?"

"धोका कशाला घ्यायचा."

"आणि ती पोरगी?"

मी खिडकीबाहेर पाहिले. मग लवर्ननी रेडिओचे बटण दाबले.

"क्रेन स्प्रिंग्ज, आम्ही डोब्रीहून येतोय, लूप नदीच्या अलीकडं आहोत. तुमच्याकडं वादळ केवढं आहे?"

"वादळ?" शेल्बीचा आवाज. तारेशिवाय, इंजिनाच्या घरघरीतून, तो आणखीच जवळचा वाटला. "कसलं वादळ?"

"पिवळं. आमच्या पोराच्या डब्यात दिसतंय."

"थांबा हं, बघते." शांतता. नदी आमच्या नाकाखाली आली. "झेंडा झोपलाय. अग्निशामक दलाचे प्रमुख उघड्यावर पॅनकेक भाजतायत, आणि त्यांनी टक्कल झाकायला आडवे घेतलेले केससुद्धा जागचे हललेले नाहीत. तुमच्या डब्याला म्हणावं, या एकदा बघायला."

लवर्ननी खिशातून वाचायचा चष्मा काढला, एका हाताने नाकावर चढवला. "दे इकडं." त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला. मग नाकाजवळ. मग अंगठ्याने ते सबंध वादळ पुसून काढले आणि अंगठा चाटला.

"ओपलचं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "साखर यंदा जरा जास्त झालीय."

आणि विमानाचे नाक पश्चिमेला धरून ते इतके हसले की बराच वेळ आम्ही उंची राखली ती केवळ योगायोगाने.

क्रेन स्प्रिंग्जला आम्ही उतरलो तेव्हा गवतात विमाने ओळीने उभी होती आणि करपल्याचा वास धावपट्टीच्या टोकापर्यंत आला होता. पंपाजवळ एक उंच मुलगी हातवारे करून जागा दाखवीत होती. मी उतरलो, पंखाला डोके आपटले, आणि आठवडाभर जुळवलेले वाक्य तिथेच राहिले.

"म्हणजे माणूसच आहेस," शेल्बी म्हणाली.

"हो," मी म्हणालो. माझ्या मते ते ठीक झाले.

"बोटं चिकट आहेत तुझी."

"जर्दाळू," लवर्न माझ्या मागून म्हणाले. "ऐकाच तुम्ही आता!" आणि ते पॅनकेकच्या रांगेकडे निघाले, रांगेतला प्रत्येक माणूस त्यांना नवा आणि गोष्ट ताजी. थोड्याच वेळात तिकडून हशाची पहिली लाट आली.

"आत नळ आहे," शेल्बी म्हणाली. "चल."

कार्यालय एका खोलीचे होते. कॉफीचे यंत्र, इंधनाच्या पावत्या, मेज, मेजावर फोन. मी हात धुतले आणि वळलो, ते त्या खिडकीला पाहण्यासाठी. सबंध वसंत मी तिच्यात राहिलो होतो. खिडकी एकच होती, लहान, कुंडी नव्हती. आणि तिच्याबाहेर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, शेजारच्या शेडची पत्र्याची भिंत होती. दुसरे काहीही नव्हते. आकाशाची चिंधीसुद्धा नाही.

"ही खिडकी?" मी विचारले.

"एकच आहे."

"मग आभाळ?"

"आभाळ बाहेर असतं," शेल्बी म्हणाली, जणू मी खरोखरच काउंटीचे ते यंत्र होतो. तिने मागचे दार ढकलले. ते करकरले. तो आवाज मला पाठ होता. दारापासून गवतात एक पाऊलवाट गेली होती, एकाच माणसाच्या पायांनी पडलेली, अरुंद. शेडला वळसा घालून, पंपाच्या मागून, जिथून पश्चिम मोकळी दिसते त्या कुंपणापर्यंत. वाटेच्या कडेला एक म्हातारा कुत्रा झोपला होता. त्याने आम्हांला पाहून एकदा भुंकण्याचे कर्तव्य केले.

"बिनतारी फोन असला, तरी पंपाच्या पुढं गेलं की खरखरतो," ती म्हणाली. "ऐकू येत असेल तुला."

"येत होतं." मला वाटत असे, लांबच्या तारेचा दोष. "सगळ्यांसाठी जातेस इतकं?"

"बाकीच्यांना मी कॅलेंडर बघून सांगते," ती म्हणाली आणि हसली नाही. "ते एकदाच विचारतात आणि येतात."

"हिवाळ्यातसुद्धा?"

"बर्फात बूट घालावे लागायचे. तेवढ्यासाठी थांब म्हणायची."

मी त्या वाटेकडे पाहत राहिलो. प्रत्येक शनिवारी मी पंखाखाली कोरडा उभा राहून एका नसलेल्या खिडकीत फुले लावीत होतो, आणि त्याच वेळी ती या दवातून चालत जाऊन मला गाई सांगत होती.

पॅनकेकच्या रांगेकडून पुन्हा हशा उसळला. लवर्न आता हाताचे विमान करून ते उजवीकडे, डावीकडे फिरवीत होते आणि ठिपक्यापासून चष्म्यापर्यंतची सगळी गोष्ट इथवर ऐकू येईल अशा आवाजात सांगत होते. शेल्बी ते पाहत, ऐकत होती. मग तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

"एक सांग. कितीही वळलात तरी तो ठिपका समोरच राहत होता?"

"हो."

"पाऊस असा राहतो? वळलं की बाजूला जायला हवा ना तो?" ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि म्हणूनच ते कठीण होते. "डबा तूच बनवलास. लवर्नना नाही कळलं, त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तुलाही कळलं नाही?"

उत्तरे पुष्कळ होती. काचेवर ऊन पडले होते. इंजिनाने सगळे थरथरत होते. डबा नवा होता आणि मी त्याला शिकत होतो. त्यातले कुठलेही लवर्नना पुरले असते. मलाही ते इथपर्यंत पुरलेच होते. मी पुन्हा त्या पाऊलवाटेकडे पाहिले. दव अजून सुकले नव्हते.

"कळलं होतं," मी म्हणालो. "नदीच्या अलीकडंच. तो जर्दाळू होता."